वाचून कायम केले

नवा पक्षकार आला की मी त्याला एकच वाक्य दोनदा सांगते. वाचल्याशिवाय सही करायची नाही. तो मान डोलावतो, बाहेर पडतो आणि महिन्याभरात कुठेतरी न वाचता सही ठोकून परत येतो. मग मी चिडते. बेळगावच्या कोर्टात माझ्या चिडण्याला सगळे वचकून असतात, शिरस्तेदारसुद्धा मला कागद देताना पानं नीट लावून देतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी अक्कल कुठे चरायला गेली होती असं विचारायची पाळी तुमच्यावर येणार नाही. ते मी स्वतःलाच विचारून झालं आहे.

उद्यमबागेत कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला एक पाळणाघर आहे. मशीन शॉपमध्ये, पॅकिंगला जाणाऱ्या बायकांची मुलं सकाळी आठपासून तिथे असतात. एका जुन्या कारखानदारांनी आपली शेड दिली आणि संस्था नोंदवली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, तेच अध्यक्ष. चिटणीस म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना आम्ही सर म्हणतो. मी धरून मंडळात सात जण. मला विचारलं तेव्हा मी दुसऱ्या मिनिटाला हो म्हटलं होतं, त्याला कारण माझी आई. ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून ती जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिचं एक टोक माझ्या पायाला आणि दुसरं वखारीतल्याच खांबाला बांधायची. तेवढ्या अंतरात मी दिवसभर शिंकत रांगायचे. आई हे हसत सांगायची. मला मात्र दर वेळी राग यायचा, आणि तो कोणावर काढायचा ते कळायचं नाही.

पाळणाघर खरं चालवायची ती आक्का. पिरनवाडीची, पन्नाशी उलटलेली, चौथीपर्यंत शिकलेली. कुठलं पोर वरणभात खात नाही आणि कुठल्याला पालथं निजवलं की लगेच झोप लागते, हे तिला पाठ. तिचा नवरा गेलेला, मुलगी खानापूरला दिलेली. ही नोकरी हेच तिचं घर होतं म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी गणपती उरकल्यावर एका दुपारी तीन वर्षांची एक मुलगी पाळणाघराच्या फाटकातून एकटी बाहेर पडली. समोरून लोखंड भरलेले टेम्पो धावत असतात. तिने तो रस्ता ओलांडला आणि ओलांडताना तिला कुणीच पाहिलं नाही. पलीकडच्या चहाच्या गाड्यावाल्याने तिला उचलून बाकड्यावर बसवलं, हातात बिस्किट दिलं. थोड्या वेळाने आक्का अनवाणी धावत तिथे पोचली. मुलीला खरचटलंसुद्धा नव्हतं.

सरांचा फोन आला तेव्हा मुलगी धड आहे ना, हे मी दोनदा विचारलं. मग राग आला, आणि या वेळी तो कोणावर काढायचा हे मला चांगलं कळत होतं. त्याच संध्याकाळी मी आक्काला द्यायची नोटीस लिहिली. कर्तव्यात अक्षम्य हलगर्जीपणा केल्याबद्दल आपणास कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा आठ दिवसांत करावा. तिला मंडळाच्या पुढच्या सभेपर्यंत कामावर यायची बंदी घातली. तिच्या हाताखालची बाई कशीबशी पोरं सांभाळू लागली. आठ दिवस गेले, पंधरा गेले. आक्काचं उत्तर आलं नाही. सर म्हणाले, "गप्प बसली म्हणजे कबूलच आहे की." मलाही तसंच वाटलं.

तेवढ्यात पाळणाघराला परवानगी देणाऱ्या महिला-बालकल्याण खात्याचं पत्र आलं. घडला प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. मंडळ पाळणाघरावर देखरेख कशी ठेवतं, सभा कधी होतात, त्यात काय ठरतं, याचा अहवाल त्यांना हवा होता. मंडळात वकील मी एकटीच, तेव्हा तपासायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी सभा ठरली. त्या सभेत माझा अहवाल वाचायचा आणि आक्काला काढायचा ठराव करायचा, असा बेत होता.

शुक्रवारी कोर्टाला सुट्टी होती. दुपारी जेवणाच्या टेबलावर मी सभेची वही उघडली.

ही वही मी चांगली ओळखत होते. आमच्या सभा वर्षातून जेमतेम दोनदा व्हायच्या, पण वहीत दर महिन्याला एक सभा झालेली असायची. सर घरी बसून मोत्यासारख्या अक्षरात इतिवृत्त लिहायचे, सह्यांच्या जागी पेन्सिलीने बारीक फुल्या करायचे आणि वही आक्काकडे द्यायचे. शनिवारी शेवटचं पोर आईच्या हाती दिलं की आक्का ती वही कापडी पिशवीत घालून सात घरं फिरायची. कुणी शहापूरला, कुणी अनगोळला. आम्हाला सगळ्यांनाच ते सोयीचं होतं. माझ्याकडे आली की मी म्हणायचे, बस गं आक्का, चहा घे. चहा उकळेपर्यंत माझ्या सह्या झालेल्या असायच्या.

पहिली ओळ प्रत्येक पानावर तीच. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले. मी पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. विषय चौथा: फाटकाची कडी झिजली असून मुलांनी ढकलले की फाटक उघडते, तरी नवीन कडी बसवावी, असा पाळणाघराच्या बाईंचा अर्ज वाचण्यात आला. पुढील सभेत घ्यावे. खाली सात सह्या. तिसरी माझी, खाली लफ्फेदार रेघ ओढलेली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तोच अर्ज, पुढील सभेत घ्यावे. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. तिन्ही वेळा माझी सही. मागे चाळलं तर आणखी एक ठराव होता. आक्काने पाळण्यासाठी भिंतीत स्वतःच हुक ठोकून घेतला म्हणून तो केलेला: मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय वास्तूत कोणतीही दुरुस्ती करू नये. त्यावरही मी होतेच. मी वही मिटली. मला लाज वाटली, इतकी की घरात कोणी नसताना मी इकडेतिकडे पाहिलं.

शनिवारी पिरनवाडीला गेले. आक्का दारात मेथी निवडत होती. मला बघून उठली, पाट दिला. मी बसताबसताच विचारलं, "आक्का, कडीसाठी तू अर्ज दिला होतास. नोटिशीच्या उत्तरात ते का लिहिलं नाहीस?"

"त्यात काय लिवायचं? ते मंजूर झालतं की."

"मंजूर कुठे झालं?"

"तुमीच सही केलासा न्हवं," आक्का म्हणाली. "मीच वही घिऊन आलते. साती घरला सह्या झाल्या. मला वाटलं, झालं आता, अण्णांचा मानूस येतोय कडी घिऊन. त्यो काय आला न्हाय. परत अर्ज दिला, परत सह्या झाल्या. मग मी लुगड्याची चिंदी बांधली फाटकाला. त्या दिवशी सिलिंडरवाल्यानं सोडली आनि तसाच गेला. मी एका पोराची वकारी पुसत बसलेते."

"वही उघडून बघायची नाहीस का एकदा?"

"वही मंडळाची. सरांनी सांगितल्यालं, वाटंत उघडायची न्हाय."

"मग मला तरी तोंडाने बोलायचंस."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "बोललेते की. तुमच्यात च्या पिताना. तुमी इचारलासा, कसं चाललंय. म्या म्हटलं, बरं हाय, तेवढी कडी झाली की झालं. तुमी म्हणालासा, व्हईल की."

मला हे आठवत नाही. आजही नाही. पण मी तसं म्हणाले असणार, कारण मी तसंच म्हणते. "मग उत्तरात हे सगळं का नाही लिहिलंस?" मी पुन्हा विचारलं, आता आवाज खाली आला होता.

"मंजूर करून कडी आनली न्हाय म्हणून मंडळाला दोष द्यायचा व्हय? माझ्या हातनं पोर गेलतं. ते खरंच हाय."

रविवारी सर मुद्दाम सभेच्या आधी अर्धा तास आले. मी काय सापडलं ते फोनवर सांगितलं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे असं खात्याला गेलं तर परवानगी जाईल. एका बाईपायी चाळीस पोरांचं पाळणाघर बंद पाडणार काय? वहीवर पाणी सांडलं म्हणू. मी नवी लिहून काढतो, दोन संध्याकाळचं काम. कडीचा विषय गाळला की झालं."

"आणि सह्या?"

"त्या काय, आक्का आणंल की फिरून."

आपण काय बोललो हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते माझ्याकडे बघेनात. मग म्हणाले, "तुमचीही सही आहे त्यात, वकीलबाई. कोर्टात चार लोक तुम्हाला मानतात." हे त्यांनी प्रेमाने सांगितलं की धमकी दिली, मला ठरवता आलं नाही. पाळणाघर बंद पडेल ही भीती मात्र खरी होती. मलाही होती. चाळीस आया सोमवारी पोरं कुठे ठेवतील, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी वही काखेत घट्ट धरली आणि सभेच्या खोलीत गेले.

पोरांच्या निजायच्या खोलीतच सभा होती. सात खुर्च्या, भिंतीला लावून ठेवलेल्या चटया. आक्काला बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. अण्णा म्हणाले, "वाचा अहवाल." मी अहवाल काढलाच नाही. वही उघडली आणि पानांवरचं होतं तसं वाचायला लागले. पहिला अर्ज वाचला, खालच्या सह्या नावानिशी वाचल्या, माझी सही वाचली. दुसरा वाचला. तिसऱ्याला शेजारच्या सदस्यबाई म्हणाल्या, "पुरे की आता." मी पुरे केलं नाही. हुकाचा ठरावही वाचला.

मग मी म्हणाले, "आक्काला काढायचं असेल तर आधी मला काढा. नोटीस मी लिहिली, आणि तिच्याच अर्जावर न वाचता तीनदा सही केली."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अण्णांनी हात पुढे केला, मी वही दिली. त्यांनी तिन्ही पानं जवळ धरून पाहिली, आपल्या सहीवर बोट ठेवून. ऐंशीच्या घरातला माणूस, पण मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही. शेवटी ते म्हणाले, "माझ्या कारखान्यात दहा मिनिटांचं काम हुतं हे." आणि सरांकडे न बघता म्हणाले, "वही बदलायची न्हाय. हाय तशी पाठवा."

ती तशीच गेली. खात्याने कडक शब्दांत पत्र दिलं, सुधारायला मुदत दिली, पाळणाघर चालू राहिलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी तिथेच ठराव लिहिला: नोटीस मागे घेतली, बाई कामावर कायम, मंडळ दिलगीर आहे, यापुढे सभा प्रत्यक्ष भरल्याशिवाय इतिवृत्त लिहिलं जाणार नाही. शब्द मी सांगितले, अक्षर सरांचं. मी पेन उघडलं आणि मग मला सुचलं. आक्काला आत बोलावलं. "हे तुझ्याबद्दल आहे," मी म्हटलं, "आधी तू वाच."

ती उभ्यानेच वाचायला लागली. बसायला सांगितलं तर बसली नाही. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द जोडत. सात माणसं तिच्यासाठी थांबली होती. एरवी चहा उकळेपर्यंत आमचं सगळं उरकायचं. तिला पाव तास लागला असेल. सदस्यबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. माफीच्या ओळीवर आक्का थांबेल असं मला वाटलं होतं, ती थांबली नाही. शेवटपर्यंत गेली, पान उलटून मागे बघितलं, परत पुढे आली.

"हितं कडीचं कुटं हाय?" ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. फाटकाला तीच लुगड्याची चिंदी बांधलेली होती. तीन आठवडे झाले होते. नोटीस निघाली होती, खात्याचं पत्र आलं होतं, तपासणी झाली होती, आणि त्या तीन आठवड्यांत रोज सकाळी चाळीस पोरं त्याच फाटकातून आत आली होती. आजही मी स्वतः ती चिंदी सोडून आत आले होते आणि परत बांधली होती, माझ्याच हाताने, अहवाल कसा वाचायचा याचा विचार करत. आईने खांबाला मारलेली गाठ मला आयुष्यभर डाचली, आणि ही गाठ मी बघितलीसुद्धा नाही.

मी पेन मिटून पर्समध्ये टाकलं. अण्णांनी फोन काढला. रविवार असल्याने कारखाना बंद, वेल्डर घरी होता. तो मोटरसायकलवर सामान बांधून यायला तासभर लागला. तोवर कुणी घरी गेलं नाही. सरांनी व्हरांड्यात खुर्ची ओढून घेतली. नवी कडी मोठ्यांच्या छातीइतक्या उंचीवर बसली.

वेल्डिंग निवल्यावर आक्का फाटकापाशी गेली. चिंदी सोडून खांद्यावर टाकली, आधी हाताने ढकललं, मग खाली वाकून, पोर ढकलेल त्या उंचीवरून ढकललं. फाटक हललं नाही. तिने चिंदी घडी करून कमरेला खोचली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "हं. आता करा सह्या."