शिडांची संख्या : एक

लाकूड-डेपोच्या मुनशीला डायरीत रोज एकच ओळ लिहायची असते: किती नग आले, किती गेले. बाकीचं पान रिकामं! त्या जागेत मी घाटावरच्या गप्पा लिहीत गेलो. पुरात वाहून आलेली लाकडं वळणावर अडकतात, तसे हे किस्से अडकले आहेत.

आमचा अड्डा वैनगंगेच्या घाटावर, मोहाच्या झाडाखाली. शाळेचे मास्तर, सिरोंच्याकडचा मुकादम राजन्ना, मी, आणि लोकांना पल्याड नेणारा बकारामभाऊ. झाडाचं खोड कोरून केलेले त्याचे दोन डोंगे बांबूनं एकत्र बांधलेले. एकदा एक नवरदेव ऐन धारेत ऐटीत उभा राहिला. बकाराम म्हणाला, "बसा जी! उभं राह्याचे दिवस संपले तुमचे!"

*

छप्पन्न साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि घाटाच्या परवान्याचे नवे फॉर्म आले. सगळे समुद्रासाठी छापलेले! 'नावेचा प्रकार : मचवा, पडाव, होडी.' डोंगा नाहीच. आणि फॉर्म अपुरा राहिला, तर घाट दुसऱ्याला.

बकाराम चिंतेनं म्हणाला, "काऊन बाबू, मुंबईत डोंगाच नाई? मंग थे लोक पल्याड जाते कसे?"

*

मचवा कुणी पाहिला नव्हता, होडीला फळ्या लागतात. उरला पडाव. मास्तरांनी जुना कोश उघडला. "पडाव म्हणजे शिडाची लहान नाव. शब्द संस्कृत, 'प्रवहण'वरून आला असणार."

राजन्ना उसळला. "काय मास्तर! आमच्या तेलुगूत लहान पोरगंबी नावेला पडव म्हणते. शब्द आमचा. वाहत तुमच्याकडे आला."

"वैनगंगा तुमच्याकडे वाहते, राजन्ना. शब्द उलटा वर कसा आला?"

"म्हणून तर त्याला शीड आहे!"

तेवढ्यात डोंग्यातून बकारामची बायको सखूबाई ओरडली, "शब्द कुठून आला ते मंग पाहा! पानी कुठून येऊन राह्यलं ते आधी पाहा!"

दोन्ही मतं मी डायरीत लिहून ठेवली. निकाल अजून लागलेला नाही.

*

फॉर्मवर मी 'पडाव' लिहिलं. खालचा रकाना 'शिडांची संख्या'. रिकामा सोडायची सोय नव्हती, म्हणून लिहिलं, 'एक'.

पंधरा दिवसांनी पत्र आलं: साहेब स्वतः नाव तपासायला येणार. साहेब कुठले? रत्नागिरीचे!

बकारामनं मला शांतपणे सांगितलं, "बाबू, एक लिहिलं तुमी. आता एक आना. नाईतर माहा घाट गेला."

*

गावात एवढं मोठं कापड एकच होतं: मास्तरांच्या नाटकमंडळीचा राजवाड्याचा पडदा. मास्तर कळवळले, "अहो, पुढच्या महिन्यात नाटक आहे!"

सखूबाई म्हणाली, "घाट गेला तर पल्याडचे लोक नाटकाले पोहत येतीन का, मास्तर?"

पडदा मिळाला.

*

साहेब आले तेव्हा डोंग्यावर बांबूला बांधून राजवाडा उभा होता. खांब, झुंबर, सिंहासन, सगळं. साहेबांनी जवळ येऊन कापड चाचपलं. मग डोंग्यात येऊन बसले.

बकारामनं जन्मात शीड वापरलेलं नव्हतं. ऐन धारेत वारा सुटला, राजवाडा फुगला आणि आम्ही तिरपे निघालो. मास्तर देवाला हाका मारू लागले, राजन्ना तेलुगूत. बकारामच्या हातून दोर सुटला.

साहेबांनी बूट काढले, दोर पकडला आणि ओरडले, "अरे, ढील द्या, ढील! माझ्या बापाचा मचवा होता!"

पल्याड लागलो, पण घाटापासून चांगली दोन शेतं खाली. साहेब निथळत होते आणि हसत होते. बकाराम हात जोडून उभा. "साहेब, माहा परवाना?"

साहेबांनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला, सही केली आणि शेऱ्यात लिहिलं:

"प्रकार : पडाव. शीड : एक, उत्तम. राजवाड्याची खालची पायरी फाटली आहे, ती शिवून घ्यावी."