बाहेरची कडी

भाचीला हॉस्टेलवर सोडायला आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. ताई, म्हणजे तिची आई, सामानाची उजळणी करत होती. "बादली घेतलीस ना? कुलूप?" माझं लक्ष मात्र दाराच्या बाहेरच्या कडीवर खिळलं होतं.

मी हॉस्टेलवर नवी असताना तिसऱ्या आठवड्यात माझी रूममेट अशीच कडी लावून निघून गेली. तिला वाटलं, मी पुढे गेले. मी खोलीच्या मागच्या गॅलरीत केस पुसत होते. अर्ध्या तासावर पहिली परीक्षा. दार ओढलं, तर हलेना. बाहेर चपला वाजत जिन्याकडे निघाल्या होत्या. हाक मारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, रूममेट सोडली तर या मजल्यावर मला एकीचंही नाव माहीत नाही. नुसतं 'अगं' म्हटलं, तर त्यातली कोण थांबणार? चपलांचा आवाज विरत गेला. शेवटी दोन्ही मुठींनी दार बडवलं, तेव्हा झाडणाऱ्या मावशींनी कडी काढली. त्यांचंही नाव मी कधी विचारलं नव्हतं.

घरात नुसतं खाकरलं तरी कुणीतरी वळून बघतं. इथे आधी नावं जमवावी लागतात.

"शेजारी कोण राहतं गं?" मी भाचीला विचारलं.

"काय माहीत!"

"मग आधी विचारून ये. बादली राहू दे."

ती कुरकुरत गेली. शेजारचं दार वाजलं. आतून एक नाव ऐकू येईपर्यंत माझा हात कडीवरून निघाला नाही.