दगडावर आलेलं नाव

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. अंगात येतं म्हणणाऱ्या बायकांना ‘आधी रक्त तपासून या’ असं तोंडावर सांगणारी मी... त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते असं.

साल १९९८. कागलपासून आत सात-आठ किलोमीटरवर, सातवीपर्यंतची शाळा. मी कोल्हापुरातून एसटीनं जाऊन-येऊन करायचे. सहावीत नकुसा नावाची मुलगी होती. तानाजी आणि आक्काताईंची तिसरी मुलगी – पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून ठेवलेलं नाव. आमच्या भागात अशा नकुसा बऱ्याच असायच्या, त्यामुळे हजेरी घेताना माझी जीभ कधी अडखळली नाही. त्याची आता लाज वाटते.

त्या पावसाळ्यात गावात काविळीची साथ आली. नकुसा आठवड्यात गेली.

शाळेतली पोरं ओढ्याकाठच्या आडाचं पाणी प्यायची. तिच्या आठवणीसाठी शाळेत नळाची, झाकणाची पाण्याची टाकी बांधायची, असं गावानं ठरवलं. कुणी विटा दिल्या, कुणी वाळू. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांनी रविवारी येऊन पाइप जोडले. नावाचा दगड करून आणायचं काम माझ्याकडं आलं. मी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं – ‘कु. नकुसा हिच्या स्मरणार्थ, समस्त ग्रामस्थ’ – आणि कोल्हापुरातल्या एका पाथरवटाकडं स्वतः नेऊन दिलं.

पंधरा दिवसांनी दगड टेम्पोतून शाळेत आला. पोतं सोडलं आणि हेडमास्तर माझ्याकडं बघायलाच लागले. दगडावर कोरलं होतं – ‘कु. नीलांबरी हिच्या स्मरणार्थ’.

आक्काताई तिथंच उभ्या होत्या. त्यांना वाचता यायचं नाही.

“काय लिवलंय ओ बाई?”

मी चाचरत वाचलं.

“नीलांबरी? ही कोण? दुसऱ्याच्या पोरीचा दगड आणलाय व्हय?”

मी माफी मागणार, तेवढ्यात मागं कुणीतरी हुंदका दिला. नकुसाच्या बाकावर बसणारी सुनीता. “बाई... त्ये तिचंच नाव हाय,” ती म्हणाली, आणि घराकडं पळाली. येताना एक वही घेऊन आली. शेवटच्या पानावर, नकुसाच्या गोल अक्षरात, ओळीनं एकच नाव होतं – कु. नीलांबरी.

“सातवीचा दाखला घेताना बदलून घ्यायचं म्हणत हुती. कुणाला सांगू नको म्हणून माझ्याकडनं शपथ घेतलेली. मी खरंच कुणाला बोलले न्हाय.”

आधी मला सुनीताचाच संशय आला. पण ती कागलच्या पुढं कधी गेलेली नव्हती, आणि कागद माझ्या पर्समधून थेट पाथरवटाच्या हातात गेला होता. मग वाटलं, मीच तंद्रीत चुकीचं लिहिलं असेल. पण हे नाव मी त्या दिवसापर्यंत ऐकलेलंच नव्हतं... चूक म्हणून तरी कसं लिहिणार?

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना घेऊन पाथरवटाकडं गेले. तो बिचारा गोंधळला. “कागदावर हुतं त्येच कोरलं की! माझी नजर कमी झालीया. ही वाचून दाखवती, मी दगडावर आखून घेतो.”

त्याची बायकोही ठाम. “नीलांबरीच हुतं. नाव चांगलं वाटलं म्हणून मी दोनदा वाचलं.”

तिनं तारेला अडकवलेल्या कागदांतून माझा कागद काढला आणि वाचायला लागली. “कुमारी न... नकुसा...” ती थांबली. कागद पालटून मागं बघितलं. पुन्हा पुढं. मग तो नवऱ्याच्या मांडीवर टाकून ती लांब जाऊन बसली. अक्षर माझंच होतं. कुठं खाडाखोड नव्हती.

“दुसरा दगड देतो करून,” पाथरवट म्हणाला.

संध्याकाळी शाळेत बैठक झाली. हेडमास्तरांचं म्हणणं चूक नव्हतं – रजिस्टरला जे नाव नाही, ते शाळेच्या भिंतीवर कसं लावायचं? उद्या कुणी विचारलं तर? बरीच वादावादी झाली. तानाजी कोपऱ्यात बसले होते. शेवटी उठले.

“गुरुजी, ते रजिस्टरातलं नाव आमीच दिल्यालं. पोरीनं एक नाव मागितलं, ते बी मनातल्या मनात. दगड हाय त्योच लावा.”

दगड तोच लागला. गावात आजही त्याला ‘नीलांबरीची टाकी’ म्हणतात.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी आक्काताई भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या. म्हणाल्या, “आता घरात समदी तिला नीलांबरीच म्हणत्यात. फोटोला हार घालताना बी.” मग विचारलं, “बाई, तिला कळत असंल का ओ?”

इतक्या वर्षांत मी बऱ्याच जाणकारांना हा प्रकार सांगितला. कुणी म्हणालं दृष्टिभ्रम, कुणी योगायोग. योगायोगानं नेमकं तेच नाव? मला अजून पटलेलं नाही, आणि दुसरं काही सुचलेलंही नाही. त्या दिवशी आक्काताईंना मी सांगितलं – मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि शेंगा माझ्या पिशवीत ओतल्या.