आरतीचा पेनड्राईव्ह

वीज सबस्टेशनच्या कॉम्प्युटरात आरतीचा पेनड्राईव्ह खुपसणारी बाई मीच. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे पासष्टीची. शाळेतून निवृत्त झाले होते, पण जगाला शिकवायची खोड काही निवृत्त झाली नव्हती.

माझी सून निपाणीजवळच्या सबस्टेशनात शिफ्टची इंजिनिअर. खंडेनवमीला तिथं मशिनांची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात. पॅनेलना झेंडूच्या माळा, ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला हळदकुंकू. कंट्रोल रूममध्ये मोबाईल न्यायला बंदी, त्यामुळं आरती म्हणायची ती स्वतःच्या गळ्यानं. ते गळे मी आदल्या वर्षी ऐकले होते. म्हणून बसस्टँडजवळच्या दुकानातून, जिथं टेम्पोवाले गाणी भरून घेतात, मी आरत्यांचा पेनड्राईव्ह भरून आणला. मंडळी कोहळा फोडायला बाहेर गेली, तसा मी तो मोठ्या पडद्याच्या कॉम्प्युटरला लावला.

वर भिंतीवर पाटी होती: बाहेरची कुठलीही वस्तू या मशिनीला जोडू नये. कन्नडमध्ये. मला कन्नड उत्तम येतं, भाजीवालीशी मी त्याच भाषेत भांडते. पण सरकारी कन्नड पाटी वाचायची नाही, हा बाईसाहेबांचा सीमाभागातला बाणा! मान ताठ ठेवून मी ती वाचली नाही. आरतीही वाजली नाही. पेनड्राईव्ह पिशवीत टाकून मी प्रसादाला गेले.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या स्वतःच्या लाईनीवरून बेंगळुरूच्या ऑफिसात त्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरल्याचा इशारा गेला. कॉम्प्युटर बंद करून बाजूला काढला आणि सुनेच्या हाताखालची माणसं यार्डात जाऊन हातानं स्विच चालवू लागली. कुणाची लाईट गेली नाही. पण चौकशीला सायबरवाले साहेब आले. सून घरी आली ती उतरल्या चेहऱ्यानंच.

"काय म्हणत्यात?" माझ्या मुलानं विचारलं.

"हॅकरांच्या टोळ्या असलं कायतरी आत पेरून ठेवत्यात म्हणं. मग पायजे तवा अख्ख्या जिल्ह्याची लाईट घालवायची. आमची मशीन इंटरनेटला जोडलेलीच न्हाय, म्हंजे कुणीतरी हातानं आणून घातलंय. शिफ्ट माझी हुती. मलाच इचारत्यात, कुणाला फितूर झालीस म्हणून."

मी भाकरी थापत होते. चोराला कडेवर बसवून आत नेणारी मी, मोठ्यानं म्हणाले, "मेल्यांचे हात झडोत!" पीठ माझ्याच हातांना लागलेलं होतं.

पुढं रोज ती चौकशीला जायची आणि मी रोज हॅकरांना नवी शिवी शोधायची. एका संध्याकाळी तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून कपाटात ठेवलं. "सस्पेंडची ऑर्डर निघणार, आत्या," एवढंच बोलली. त्या दिवशी मला शिवी सुचली नाही.

सकाळी तिच्याबरोबर स्कूटरवर बसले, कारण सांगितलं नाही. साहेब त्याच कंट्रोल रूममध्ये टेबल टाकून बसले होते; त्यांच्यापुढं पेनड्राईव्ह ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, पाटी दिसली नाही का?

इथं तरी शहाणपण यावं! मी हिंदीत म्हणाले, "मुझे कन्नड नहीं आती."

सुनेनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी उठले, पाटीपाशी गेले आणि ती मोठ्यानं वाचून दाखवली. अस्खलित. वर्गात वाचावी तशी. कोपऱ्यातला वायरमन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं, पेनड्राईव्ह पाकिटात घातला. सुनेची नोकरी वाचली, पण बाहेरच्यांना खोलीत एकटं सोडल्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली.

 घराच्या फाटकाशी स्कूटर थांबवून, मागं न बघता सून म्हणाली, "आत्या, परक्यानं केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. मी रोज तुमच्या हातचं जेवून चौकशीला जात हुते, आणि तुम्ही वाढताना इचारत हुता, आणखी अर्धी घेतीस का म्हणून."