शोभेच्या भिंतीवरचा कागद

आमच्या सासरची भिंत पाडली तेव्हा माझ्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते, त्यामुळं मोहल्ल्यानं पहिल्यांदा माझ्याकडंच बघितलं. नव्या सुनेचा पायगुण! पायगुण माझा नव्हता हो, चौकाच्या कमिटीचा होता.

आमचं घर जुन्नरातलं, कागद करणाऱ्यांचं. रद्दी आणि जुनं गोणपाट कुटून लगदा करायचा, हौदातल्या पाण्यात कालवायचा आणि चाळणीवर उचलायचा. हे पुरुषांचं काम. मग तो ओला कागद बायकांनी कुंच्यानं भिंतीवर चिकटवायचा. उन्हात वाळला की आपला आपण सुटतो. पण भिंत पाहिजे चुन्याची, दगडानं घोटून घोटून आरशासारखी केलेली. खरबरीत भिंतीवरून चिंध्याच हातात येतात. मी अक्षरं शिकले तीही हौदात जायच्या रद्दीवरून. शाळा कुणी दाखवली होती?

तर कमिटी. गाव वाढत होतं, पेठेत दुमजली दुकानं उठत होती, आणि ओतूरच्या बाजाराचं नाव आपल्यापुढं जातंय याचं बड्या मंडळींना फार वाईट वाटत होतं. मग सात जण बसले आणि ठरलं, चौक पुण्यासारखा करायचा. फरसबंदी, दिव्यांचे खांब, रुंद रस्ता. सरकारनं काही दिलं, पेठेनं वर्गणी काढली. आम्हीही दिली. म्हणजे आमची भिंत पाडायला आमचाही हातभार होताच.

कमिटीचे मोठे मेंबर, पेठेतले कापडवाले शेठ, स्वतः सांगायला आले.

"चाचा, घराला धक्का नाही. फक्त ही भिंत रुंद रस्त्यात येतेय."

सासरे म्हणाले, "शेठ, भिंत म्हणजेच घर हाय आमचं. कागद काय डोक्यावर वाळवू?"

"गावाची शोभा बघा जरा. आणि दुसरी भिंत देऊ की! याच्यापेक्षा चांगली."

सासूबाई दाराआड उभ्या होत्या. ते शेवटचं वाक्य त्यांनी गाठीला बांधलं.

भिंत एका दिवसात गेली. दुसरी काही येईना. हौदात लगदा आंबायला लागला, वास सुटला. सासरे म्हणायला लागले, हौद बुजवून टाकू, निमगावाकडं कुणाच्या शेतावर मजुरीला जाऊ. त्यांचे हात नुसते मोकळे असत. ते बघवत नव्हतं.

इकडं चौकात मात्र एक भिंत उभी राहिली. तिच्यामागं घर नाही, वर छप्पर नाही. शोभेची. दिव्यांच्या खांबामागं दिसायला बरी, म्हणून. मधोमध दगडावर सात नावं कोरलेली. पण गिलावा! गवंड्यानं कुठली कला केली होती कोण जाणे, बोट ठेवलं तर घसरावं. सासूबाई मला घेऊन बघायला गेल्या. पदर सारून त्यांनी भिंतीला गालच लावला.

"दुल्हन," म्हणाल्या (सुनेला आमच्यात दुल्हनच म्हणतात, नातवंडं झाली तरी), "शेठ बोलल्याप्रमाणं वागला गं. दिली भिंत."

मी म्हटलं, "अम्मा, ही आपली नव्हे."

"मग एवढी घोटली कशाला? कागदाशिवाय कुणाला लागते असली भिंत?"

मीही बोट ठेवून बघितलं, घसरलंच.

त्यातच शेठचा निरोप आला. जिल्ह्याचे मोठे गोरे साहेब घोडेगावच्या मुक्कामावरून परवा येणार, चौक उघडणार. त्यांना द्यायच्या मानपत्राला कागद गावचाच पाहिजे, गावाची इज्जत आहे. सासऱ्यांनी विचारलं, वाळवू कुठं? निरोप्या म्हणाला, "ते तुमी बघा, राव."

"बघते मी," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन वर येताच आम्ही दोघी सासऱ्यांनी रातोरात उचललेले ओले कागद टोपल्यात घेऊन चौकात. सासूबाई कागद धरतील तिथं मी कुंचा फिरवत होते. नावांचा दगड तेवढा सोडला. "खरबरीत हाय," त्या म्हणाल्या, "जागा फुकट घालवली."

शेठ धावत आले ते धोतराचा सोगा हातात धरून. "चाची! काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

"वल्ला कागद काढला तर फाटंल, भाऊ. गिलावा बी निघंल संगं. दोन घटका थांबा."

"अहो, उद्या साहेब येणार!"

"त्येच्यासाठीच तर वाळवतोय."

आणि साहेब उद्या नाही, तेव्हाच आला. घोड्यावरून, एक दिवस आधी, ना तोरण ना हार. शेठचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा. साहेबाला मराठी येत होती, पण खडीच्या रस्त्यानं बैलगाडी जावी तशी. त्यानं कागदावरून हात फिरवला, आमच्या तोंडाकडं बघितलं, मग नावांच्या दगडाकडं.

"कारागीर लोकांसाठी भिंत बांधली? कमिटीनं?"

शेठनं एकदा सासूबाईंकडं बघितलं.

"होय साहेब," म्हणाले. "पहिल्यापासून तोच विचार होता."

"फार चांगला विचार," साहेब म्हणाला आणि पुढं गेला.

मानपत्र त्याच कागदावर लिहिलं, वाचलं. त्यात आमच्या धंद्याला कमिटीनं दिलेल्या आधाराच्या दोन ओळीही होत्या. साहेब गेल्यावर मात्र शेठ पुन्हा घरी आले. भिंत चौकाची आहे, साहेब येणार असतील त्या दिवशीच कागद लावायचे, एरवी ती स्वच्छ राहिली पाहिजे.

सासूबाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ऊन वर येताच आम्ही टोपली घेऊन चौकात. कमिटीनं बसवलेला शिपाई आडवा आला.

"आज साहेब यायचे हायेत म्हणं," सासूबाई म्हणाल्या.

"कोण म्हणलं?"

"मागल्या खेपेला तरी सांगून कुठं आलं व्हतं?"

शिपाई शेठकडं गेला. शेठनं रस्त्याकडं एकदा लांबवर पाहिलं म्हणे, आणि शिपायाला दुसऱ्या कामाला धाडलं. सासऱ्यांनी हौदात नवा लगदा घातला. साहेबाची वाट आम्ही पुढं अकरा वर्षं बघितली, पाऊस नसेल त्या प्रत्येक दिवशी.