वीणा खाली ठेवायची नसते

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला नीट सांगता येणार नाही. घरात देव होते, बायको पूजा करायची आणि मी प्रसाद घ्यायचो. विश्वास नव्हता तो स्वतःवर. वरवट बकालच्या शाळेत मी शिक्षक. फाटकावरची ‘तंबाखूमुक्त शाळा’ ही अक्षरं माझ्याच हातची, आणि ती रंगवताना माझ्या गालात तंबाखू होती. कॉलेजात असताना लागलेली सवय. चुना लावून मळायची, गालात धरायची, मग कुठे माणसांत आल्यासारखं वाटायचं. पुढे तिखट सोसेना. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तोंड पूर्ण उघडेना, भाकरीचा घास बारीक करून भरावा लागू लागला. खामगावच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, की आता सोडली तर हे कदाचित इथेच थांबेल. नाही सोडली तर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका, ऑपरेशनवाल्याकडे जा.

मी सोडली. बरेचदा सोडली. एकदा तर मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली आणि आठवडाभरात शपथ मोडली. त्यानंतर मुलीला साधा ताप आला तरी तिच्या कपाळाला हात लावायची मला भीती वाटायची.

आमच्या विठ्ठल मंदिरात माघात हरिनाम सप्ताह बसतो. सप्ताह सुरू झाला की एक वीणा अखंड उभी असते. कोणीतरी ती गळ्यात घालून ‘रामकृष्ण हरी’ म्हणत उभा राहतो आणि दोन तासांनी दुसरा येऊन ती आपल्या गळ्यात घेतो. त्याला पहारा म्हणतात. काल्यापर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. आमच्या गावात आणखी एक कडक नियम आहे: आंघोळीनंतर ज्याच्या तोंडाला तंबाखू लागली, त्याने त्या दिवशी वीणेला हात लावायचा नाही. मंदिराबाहेर एक कोनाडा आहे. आत जाताना सगळे आपापल्या पुड्या त्यात ठेवतात, त्यामुळे सप्ताहात तो भरलेलाच असतो.

बायकोने मला न विचारता माझं नाव दिलं.

“दुपारचा पहारा तुमचा हाये,” ती म्हणाली.

“काऊन? मले कुठं येते ते?”

“उभं तर राहता येते ना? तेवढा वेळ तोंड रिकामं राहीन.”

मी भांडलो नाही. दोन तास कसेबसे काढू असा हिशेब केला, नियम म्हणून सकाळपासून तोंड कोरडं ठेवलं, पुडी कोनाड्यात ठेवली आणि वीणा गळ्यात घेतली.

दोन तास झाले आणि पुढचे वासुदेवभाऊ काही आले नाहीत. त्यांच्या भावकीत सकाळी कोणीतरी वारलं होतं, घरात सुतक. त्यांनी शेजाऱ्याला निरोप दिला, शेजाऱ्याला वाटलं मंदिरात कळवलं असेल, आणि त्यांची अख्खी आळी एकाच भावकीची, म्हणजे सगळ्यांनाच सुतक. उरलेले लोक हरभरा काढायला शेतात. अधूनमधून जे दर्शनाला येत, ते माझी अवस्था बघून चपापत.

“गुरुजी, मी घेतली असती वीणा,” एकजण हात जोडून म्हणाला, “पण मी सकायीच तोंडात टाकली. मले कशी चालीन?”

त्याच्यामागून आलेल्यानेही तेच सांगितलं. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारावं, तर त्यांची मिश्री झालेली. गावात वीणा घेण्याजोगं एक तोंड सापडेना. एरवी मी हसलो असतो. तेव्हा मला रडू येत होतं. डोकं ठणकत होतं, तोंडाला पाणी सुटत होतं, आणि डाव्या हाताचा अंगठा वीणेच्या दांडीवर आपोआप मळत होता. खाली ठेवता येत नाही, सोडून जाता येत नाही. दाराकडे बघून बघून मान दुखली, तेव्हा मी बघणं सोडलं. मनात विठ्ठलाला म्हणालो, आता तुझं तू बघ. भक्ती वगैरे नव्हती त्यात, नुसता थकवा होता. त्यानंतर किती वेळ गेला ठाऊक नाही. एकदा लक्षात आलं, की अंगठा थांबलाय आणि मी नुसता नाम घेतोय. उजेड दिसला नाही, सुगंध आला नाही. तलफ येऊन गेली होती, एवढंच.

ऊन कलल्यावर एक अनोळखी माणूस आत आला. वयस्कर, नाकाखाली दुपट्टा गुंडाळलेला. पाय धुतले, नमस्कार केला, थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग समोर येऊन हात पुढे केले.

“द्या माऊली.”

मी सवयीने विचारलं, “तंबाखू?”

त्याने दुपट्टा खाली केला. एका बाजूचा जबडा नव्हताच, कातडी आत ओढून शिवलेली होती. शब्द तुटत होते, पण मला समजले. “माह्यं तोंड सोच्छ हाये. आता ठेवाले जागाच नाही राह्यली.”

तो हे रागाने बोलला नाही. डोळ्यांत तर थोडं हसू होतं. मी वीणा त्याच्या गळ्यात घातली.

बाहेर आलो. पाय सरळ कोनाड्याकडे गेले, हातही पुढे झाला. तेवढ्यात आतून त्याचं ‘रामकृष्ण हरी’ ऐकू आलं. अर्धी अक्षरं गळालेली, पण ठेका धरून, सावकाश. मी हात मागे घेतला आणि पायरीवर बसून पोटभर रडलो. पुडी तिथेच राहिली. कोणीतरी नेली असेल. आमच्याकडे ती वाया जात नाही.

संध्याकाळी सुतक नसलेला, दिवसभर तंबाखू न खाल्लेला एक गावकरी शेतातून आला, आंघोळ करून त्याने वीणा घेतली आणि तो अनोळखी माणूस जळगाव जामोदच्या एसटीने निघून गेला. कोणी म्हणालं, पिंपळगाव राजाचा आहे, इकडे पाहुणा आला होता. मी जास्त चौकशी केली नाही. त्याला पाठवलं कोणी, हेही मी कोणाशी वाद घालून ठरवत नाही. मला तो हवा होता आणि तो आला.

त्यानंतर मी तंबाखू खाल्ली नाही. चट्टा फिका झालाय. तोंड मात्र होतं तेवढंच उघडतं, ते तसंच राहील असं डॉक्टर म्हणतात. आता शपथ घेत नाही. पूर्वी जन्मभराचं ओझं एकदम उचलायचो आणि लगेच दाराकडे बघायला लागायचो. आता तलफ आली की आपला पहारा आला असं समजतो. उभं राहणं माझ्याकडे, पुढचा माणूस पाठवणं त्याच्याकडे. मुलीच्या कपाळावर हात ठेवताना आता भीती वाटत नाही, याचे उपकार कोणाचे मानायचे ते मला कळतं.

दुपारी जेवण झालं की अंगठा अजूनही तळव्याकडे जातो. तेव्हा मी नाम घेतो. माझा जबडा शाबूत आहे, तरी ते त्याने म्हटलं तसंच म्हणतो, अर्ध्या अक्षरांचं. तेवढं पुरतं.