आईने टाइप केलेला युरोप

मला फोन येतात. लंडनमध्ये, आमच्या स्टॅनमोर भागात नुकत्याच पुण्या-मुंबईहून आलेल्या, ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायकांचे. इस्टरला रोमला जायचंय, राहू कुठे? मुलं सहा आणि तीन वर्षांची, पॅरिस झेपेल का? सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, व्हेनिसमध्ये काय करू? आणि मी सांगते. सांगायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर कोणी नुसतं ‘हॉटेल’ म्हटलं तरी तू वही उघडतेस.

तर माझं सांगणं असं. चार दिवसांत तीन शहरं करू नका, फक्त स्टेशनं बघून परत याल. एक गाव धरा, तिथूनच सकाळी ट्रेनने जा आणि संध्याकाळी परत या. बॅग तेवढीच घ्या जी तुम्हाला स्वतःला दोन जिने चढवता येईल, कारण फोटोत गोड दिसणाऱ्या जुन्या हॉटेलांना लिफ्ट नसते आणि नेमका त्याच वेळी नवरा रिसेप्शनवर वायफायचा पासवर्ड विचारत उभा असतो. जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. मी एक अख्खा रविवार घरच्यांना चिवड्यावर काढायला लावलाय, अजून ऐकून घेते त्याबद्दल. तूप, पेढे, बर्फी ब्रिटनमधून नेऊ नका, दुधाचं तिकडे चालत नाही. मेतकूट न्या, भाजणी न्या, कोरड्या चटण्या न्या. टॉयलेटसाठी सुटी नाणी खिशात ठेवा. आणि पासपोर्ट संपतो कधी एवढंच बघू नका, तो काढला कधी तेही बघा, दहा वर्षांहून जुना तिकडे चालत नाही.

हे सगळं मी इतक्या ठसक्यात सांगते की समोरची बाई लिहून घेते. अशी ही मी, मागच्या मे महिन्यात तोंडावर आपटले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आई आली होती पुण्याहून, सहा महिन्यांसाठी. बाबा गेल्यानंतर दुसऱ्यांदा. एकाहत्तर वर्षांची आहे. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा त्याच वाटेवर आहे. जिना उतरताना ती आडवी होऊन उतरते आणि कोणी बघत असेल तर कठड्यावरची धूळ पुसल्यासारखं करते.

आई चोवीस वर्षं पुण्यात एका छोट्या टूर कंपनीच्या ऑफिसात होती. व्हिसाचे फॉर्म भरायचे, प्रवाशांच्या फाइली लावायच्या आणि कार्यक्रमपत्रिका टाइप करायची, हे तिचं काम. ‘दिवस तिसरा: पॅरिस शहरदर्शन. दिवस पाचवा: ल्यूसर्नकडे प्रस्थान.’ प्रवासी तिला फोन करून विचारायचे, काकू, तिथे ताक मिळतं का, स्वेटर एक पुरेल का दोन. आई अशी उत्तरं द्यायची, जणू कालच जाऊन आलीय. ती कधीच गेली नव्हती. दरवर्षी ऑफिसातल्या एकाला टूरबरोबर मदतीला पाठवायचे. एका वर्षी दिवाळीच्या टूरला आईचा नंबर लागला, आणि ते नेमकं माझं बारावीचं वर्ष. आई नाही म्हणाली.

ही गोष्ट आमच्या घराण्यात लग्नामुंजीत सांगितली जाते. लेकीच्या बारावीसाठी हिने युरोप सोडला, असं मावशी सांगते आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. माझे मार्क काही युरोप सोडावा इतके आले नव्हते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मी पुढे इथे आले, नोकरी केली, संसार मांडला, वर्षाला दोनदा युरोपात जाऊन आले. दर वेळी आईला फोटो पाठवायचे आणि दर वेळी मला ती दिवाळीची टूर आठवायची. मग घर घेणं, मग बाळंतपण, मग बाबांचं आजारपण. आईला घेऊन जायचं राहतच गेलं.

म्हणून या वेळी मी ठरवूनच टाकलं. मे महिन्यातल्या, शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत दोन रात्री पॅरिस, तीन रात्री ल्यूसर्न. जे तिने आयुष्यभर टाइप केलं, तेच तिला दाखवायचं. हॉटेल लिफ्टवालं, खोली खालच्या मजल्यावर, ट्रेनमध्ये सीट दाराजवळ. सगळं झाल्यावर नाश्त्याच्या वेळी मी तिला सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, अगं, पण व्हिसा? मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. तिने पुढची शेंग उचलली. मला वाटलं, भरून आलं असेल.

माझं चुकलं कुठे ते सांगते, म्हणजे तुमचं चुकायला नको. मी वर्क व्हिसावर होते तेव्हा सहा वेळा लंडनमधूनच युरोपचा शेंगेन व्हिसा काढला होता. फॉर्म, बँक स्टेटमेंट, इन्शुरन्स, बोटांचे ठसे, सगळं तोंडपाठ. मग निळा ब्रिटिश पासपोर्ट हातात आला आणि व्हिसा हा विषयच माझ्या आयुष्यातून गेला. आईचा व्हिसाही इथूनच निघणार हे मी धरूनच चालले. पुन्हा एकदा वाचावं, विचारावं, असं मनातसुद्धा आलं नाही. ज्याला सगळं येतं तो वाचत नाही.

व्हिसा सेंटरच्या अपॉइंटमेंटच्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर फाइल घेऊन बसली होती. कागद तिने स्वतः लावले होते, एकेका कागदाला चिठ्ठी चिकटवून. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट चाळला, पुन्हा चाळला आणि विचारलं, यांचं इथलं रेसिडेन्स परमिट कुठे आहे? मी म्हटलं, त्या व्हिजिटर आहेत. ती म्हणाली, सॉरी, मग त्यांनी जिथे राहतात त्या देशातून अर्ज करायचा, इथून घेता येत नाही.

माझा स्वभाव तापट आहे. मी आवाज चढवला. म्हटलं, मी स्वतः इथून सहा वेळा काढलाय. तिने शांतपणे विचारलं, तेव्हा तुम्ही इथे राहत होता का? राहत होते. मुद्दा तिथेच संपला होता, तरी मी आणखी पाच मिनिटं बोलले. शेवटी आईने माझी बाही ओढली.

परत येताना ट्यूब ट्रेनमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. वेम्बली स्टेशन गेल्यावर मला शंका आली. मी विचारलं, “आई, तुला माहीत होतं?”

“शंका होती,” ती म्हणाली. “आमच्या वेळी असाच नियम होता. म्हटलं, बदलला असेल.”

“मग बोलायचं नाही का?”

“तू म्हणालीस ना, माझ्यावर सोड. सोडलं.”

ती टोमणा मारत नव्हती. तेच जास्त लागलं. चोवीस वर्षं लोकांचे व्हिसे काढणारी बाई माझ्या घरात मटार सोलत होती आणि मी तिला एक प्रश्न विचारला नव्हता.

आम्ही तिघं जाऊन यावं, मी घर सांभाळते, असं आईने दोनदा सुचवलं. मी ऐकलं नाही, सगळं रद्द केलं. मग माझ्या लेकीने एक कल्पना काढली. ती बारा वर्षांची आहे, जन्म इथलाच, मराठी मोडकंतोडकं. शाळेच्या ट्रिपला डोव्हरच्या बाजूला, फ्रान्ससमोरच्या किनाऱ्यावर गेली होती तेव्हा तिथल्या कड्यावर सगळ्यांच्या फोनवर फ्रान्सचं नेटवर्क आलं होतं म्हणे. “आजीला आपण तिकडे नेऊ,” ती म्हणाली, “मग आजी थोडी फ्रान्समध्ये.” मला ते इतकं आवडलं की मी तिचा मुका घेतला. बुडत्याला काडीचा आधार.

हाफ-टर्मच्या मंगळवारी निघालो. हवा स्वच्छ होती आणि वारा असा की आईने पदर खोचून वर माझं जॅकेट चढवलं. गाडी लावली तिथून बाकापर्यंत जायला तिला पंधरा मिनिटं लागली. समोर समुद्र, खाली बंदरातून बोटी निघत होत्या आणि पलीकडे खरंच जमीन दिसत होती, फिकट, पण दिसत होती. नवरा आणि लेक पुढे गेले. तेवढ्यात आईच्या फोनवर मेसेज आला, फ्रान्समध्ये स्वागत आहे म्हणून, आणि घड्याळ एक तास पुढे गेलं. (तुम्ही गेलात तर रोमिंग बंद ठेवा, नाहीतर पुढच्या बिलात फ्रान्स दिसतो.)

मी लगेच व्हिडिओ सुरू केला. आई, पोचलीस बघ फ्रान्सला, हात कर, मावशीला पाठवते. आईने हात केला नाही. तिने मेसेज वाचला, फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली. मग म्हणाली, “ते बंद कर आधी.”

मी बंद केलं.

“मला खोटं खोटं नको दाखवूस. मला अजून जायचंय.”

मला रडूच आलं. आणि मग जे इतकी वर्षं पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, तू माझ्या बारावीसाठी सगळं सोडलंस, मला एकदा तरी तुला न्यायचं होतं, एवढंसुद्धा मला धड जमलं नाही. आईने मला बोलू दिलं. वाऱ्याने माझे केस तोंडात जात होते, ते तिने बाजूला केले.

“तुझ्यासाठी नव्हतं सोडलं,” ती म्हणाली. “घाबरले होते मी. विमानाला घाबरले, इंग्रजीला घाबरले. चाळीस माणसं मलाच विचारणार, आणि मला काही माहीत नाही हे तिथे सगळ्यांना कळणार. तुझी बारावी होती, निमित्त मिळालं.”

पंचवीसेक वर्षं मी ते ओझं घेऊन फिरत होते. दर लग्नात, दर फोटोत. पहिला आला तो राग, खरं सांगते. विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. आई थोडी ओशाळली. म्हणाली, सगळे मला एवढं चांगलं म्हणत होते, मग राहूनच गेलं.

मला हसू आलं, रडता रडताच. तीही हसली. मग गंभीर झाली आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “आता नाही वाटत भीती. पाय दुखतात, पण भीती नाही वाटत. म्हणून म्हणते, उशीर नको.”

हे तिने असं सांगितलं, की माझ्या लक्षात आलं, मी आजवर तिला न्यायला निघाले होते ते माझं मन मोकळं व्हावं म्हणून. तिला स्वतःला जायचं असेल, तिच्या हौसेने, हे मी कधी धरलंच नव्हतं. मला लाज वाटली. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, बरं, आता लिहून घे.

गाडीत ती पुढे बसली आणि सांगत गेली. परत गेल्या गेल्या पुण्यातून ती स्वतः अर्ज करणार. माझ्याकडून निमंत्रणाचं पत्र, त्यावर सही निळ्या शाईने. माझा पगाराचा कागद, घराचं कौन्सिल टॅक्सचं बिल. बाबांच्या पेन्शनचे कागद ती काढणार. इन्शुरन्स पूर्ण दिवसांचा, दोन दिवस जास्तीचा. मी तिला थेट तिकडच्या विमानतळावर भेटायचं, आणि तिच्या आधी पोचायचं. मी वहीत लिहून घेत होते, नवरा गाडी चालवता चालवता हसत होता. मी विचारलं, हॉटेलं तीच ठेवू ना, पॅरिस आणि ल्यूसर्न?

“ल्यूसर्न नको,” आई म्हणाली. “इतक्या वेळा टाइप केलंय, मला कंटाळा आलाय त्याचा. पोर्तुगालला जाऊ. आमच्या टूरमध्ये ते कधीच नव्हतं.”

माझी पेन्सिल थांबली. सगळा युरोप सांगत फिरणारी मी, पोर्तुगालला कधी गेले नव्हते. तिथे कुठे उतरायचं, काय मिळतं, रविवारी काय बंद असतं, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तसं मी तिला सांगितलं.

“बरं झालं,” आई म्हणाली. “मग दोघी मिळून बघू.”